मागचं बटण

अरे, दसरा आला की मला अजून कानकोंडं होतं. मागल्या वर्षी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, स्टँडसमोरच्या आमच्या झेरॉक्सच्या दुकानात कॉम्प्युटर चालूच होईना. आदल्या दिवशी बाबांनी त्याची पूजा केली होती. मी गिऱ्हाइकांसमोरच ओरडलो, “पाणी शिंपडलंत ना? लावलीत वाट!”

“अरे, ते मागचं...”

“तुम्ही बोलूच नका!”

तासभर खोलून बसलो. आत एक थेंब नाही. शेवटी बाबांनी गुपचूप मागचं बटण दाबलं आणि कॉम्प्युटर सुरू झाला.

“पूजेच्या दिवशी यंत्राला विश्रांती द्यायची, म्हणून मीच बंद केलं होतं.”

यंदा त्यांनी फक्त कात्रीला आणि स्टेपलरला फूल वाहिलं.

“बाबा, कॉम्प्युटरला?”

“तो तुझा. तूच वाहा.”