आगाऊ ओळख

आश्लेषा: त्या फुलपात्रातलं पाणी बघा, धर्मादादा. काठापासून मध्याकडे बारीक वर्तुळं जातायत. थांबतात, पुन्हा सुरू होतात. पंखा बंद आहे. बाहेर गाडी नाही. तुमचा हातही टेबलाला लागलेला नाही.

धर्मा: भूकंप असंल.

आश्लेषा: माझा गुडघा आहे. टेबलाच्या पायाला टेकलाय आणि आपला आपण हलतोय. मला स्वतःला ते आत्ता पाणी बघून कळलं. घ्या, लिहा तुमच्या कागदावर. पहिलं लक्षण.

धर्मा: मी न्हाय लिहिनार. अलिबागच्या शिबिरात शिकवलंय, सोबत्यानं नुसतं ऐकायचं. समोर बसून लिहायला लागलं की मानसाला आरोपी झाल्यासारकं वाटतं.

आश्लेषा: असं शिकवलं?

धर्मा: शिकवलं असंल. दुपारच्या जेवनात सुरमई होती. त्याच्यानंतरचं मला जरा धूसर आठवतंय.

आश्लेषा: उत्तम. म्हणजे मला सावरायला जिल्ह्याने जो माणूस दिला, तो शिबिरात झोपला होता.

धर्मा: अर्ध्याच शिबिरात. आनी मी कुठं बोललो, मला द्या म्हनून? बाकीचे सोबती पालीला जत्रेच्या बंदोबस्ताला गेले. उरलो मी. मलाच लाज वाटते, मॅडम. रोज तुमाला सलाम ठोकायचा, आनी आज खुर्चीत बसून तुमाला विचारायचं, 'आपणांस अलीकडे विनाकारण उद्विग्नता जाणवते काय?' उद्विग्नता म्हंजे काय हो?

आश्लेषा: डोकं फिरणं.

धर्मा: मग विनाकारन कोनाचं फिरतं? कारन तर असतंच.

आश्लेषा: तो प्रश्न मी लिहिलाय.

धर्मा: आयला. म्हंजे... चांगला हाय प्रश्न.

आश्लेषा: राहू दे. सगळेच प्रश्न मी लिहिलेत. एम.एस्सी. झालेली फौजदार म्हणून अधीक्षक साहेबांनी मला बोलावलं. म्हणाले, पोलीस बिघडल्यावर चौकशी लावून काय उपयोग, बिघडायच्या आधीच ओळखता आला पाहिजे. तुम्ही सूत्र बसवा. बसवलं. तक्रारी किती, न घेतलेल्या रजा किती, जादा तास किती, बळाचा वापर किती वेळा. प्रत्येकाला वजन दिलं, बेरीज केली. बेरीज रेषेच्या वर गेली की नावापुढे लाल खूण, आणि मग सोबत्याने त्याच्याशी बोलायचं. योजनेला नावसुद्धा मीच सुचवलं, 'आगाऊ ओळख व साहाय्य'.

धर्मा: आमी तिला आगाऊ यादी म्हनतो. तिच्यात नाव आलं की तो मानूस आगाऊ.

आश्लेषा: माहीत आहे मला. मी आपली समजत होते, आगाऊ म्हणजे वेळेआधी. तुम्ही लोकांनी पहिल्याच दिवशी खरा अर्थ लावलात. आणि या खेपेला अख्ख्या ठाण्यात आगाऊ निघाली कोण, तर मी.

धर्मा: पोरं जरा हसली खरी.

आश्लेषा: कोण हसलं?

धर्मा: बघा, बघा. आता वर्तुलं मोठी झाली.

आश्लेषा: ...सांगू, सकाळपासून मी काय करत होते? बेरीज पुन्हा पुन्हा तपासत होते. रेषेच्या अगदी जरासं वर आहे मी. म्हटलं, एवढा फरक मोजण्यातल्या चुकीत सहज बसतो. किनाऱ्यावर गाडी घातलेला पर्यटक म्हणतो ना, 'मॅडम, फक्त पुढची चाकं वाळूत आहेत', तशी माझ्याच सूत्राशी हुज्जत घालत बसले होते.

धर्मा: तक्रार त्या जीपवाल्याचीच ना?

आश्लेषा: त्याचीच मोठी. बाकीच्या दोन अरेरावीने बोलल्याच्या. त्या खऱ्या आहेत.

धर्मा: तीपन खरी हाय.

आश्लेषा: कासवांची घरटी होती तिथे. काठ्या रोवून दोरी बांधली होती, आणि हा दोरी तोडून चक्कर मारतोय. मी थांबवलं, चावी काढून घेतली. तिथपर्यंत सगळं कायद्याने होतं.

धर्मा: मग समुद्रात फेकलीत. काय लांब फेकली! आमच्या गावात जालंपन कोन एवढं लांब टाकत न्हाय.

आश्लेषा: आणि भरती आली.

धर्मा: बॉनेटपर्यंत. लोकांनी टाल्या वाजवल्या. सगुनाबाईनं तुमाला शहालं दिलं, फुकट. मला पैशानी देते.

आश्लेषा: तेच तर. टाळ्या पडल्या म्हणून मला वाटलं, बरोबर केलं. मग तिथेच उभी राहून जमलेल्या मुलांना सांगितलं, कायदा कोणी हातात घ्यायचा नाही. माझ्या हातात तेव्हा शहाळं होतं.

धर्मा: स्ट्रॉसकट.

आश्लेषा: असो. मुद्द्यावर येऊ या. उद्या मोठे साहेब बदलीवर जातायत. नवे येईपर्यंत ठाण्याचा चार्ज माझ्याकडे यायचाय. संध्याकाळपर्यंत तुमचा शेरा अलिबागला गेला, 'बोलणे झाले, काळजीचे कारण नाही', की लाल खूण गेली. नाही गेला तर चार्ज दुसऱ्या कुणाला. एक वाक्य आहे, धर्मादादा. माझ्या बाबांनी दिवेआगरमध्ये वाडीवाडीत जाऊन सांगून ठेवलंय, पोरगी ठाणं सांभाळणार म्हणून. सुपाऱ्या सोलणाऱ्या बायकासुद्धा मला फोन करून अभिनंदन करतात.

धर्मा: लिहितो ना. मला काय जातंय? फक्त पेन धरता येत न्हाय. उजवा हात प्लास्टरात हाय.

आश्लेषा: ...मी लिहून देते. तुम्ही डाव्या हाताने सही करा.

धर्मा: वा! जबाब आरोपीनंच लिहायचा, पंचानं नुसती सही ठोकायची.

आश्लेषा: हसू नका.

धर्मा: हसत न्हाय. भ्यालो की मी असाच बोलतो.

आश्लेषा: घरी काय सांगितलंत? हात कसा मोडला म्हणून?

धर्मा: जे इथं सांगितलं तेच. जेटीवर शेवालावरून घसरलो. घरवाली जनी बोलली, मिठागरात अनवानी वाढलेला मानूस शेवालावर घसरतो व्हय? तेवडंच बोलली. आता विचारत न्हाय, वाढताना भांडी आपटते.

आश्लेषा: भिकूने उगाच डिवचलं त्या दिवशी.

धर्मा: भिकू कधी डिवचत न्हाय? दारू पिऊन बायकोला, मैनाला मारतो, आपन उचलून आनतो, मैना रडत येते, सोडा बोलते, आनी हा जाताना दात काढतो. त्या दिवशीपन दातच काढले.

आश्लेषा: मला तेवढेच दिसले. दात. मग एक काठी वर गेलेली दिसली. खरं सांगते, मला वाटलं, कुणाची ही काठी? आवरा त्याला कुणीतरी. काठी माझीच होती.

धर्मा: मग माझा हात मधे आला.

आश्लेषा: आला नाही. तुम्ही घातलात.

धर्मा: डोक्यावर बसली असती त्याच्या.

आश्लेषा: हो. आणि गंमत बघा. सूत्रात याचा पत्ताच नाही. भिकूला लागलं नाही, त्याची तक्रार नाही. तुम्ही शेवाळावरून घसरलात. बळाचा वापर, शून्य. लाल खूण आली ती जीपवाल्यामुळे आणि साठलेल्या रजांमुळे. माझ्या सूत्राने चोर बरोबर धरला, पण भलत्याच चोरीत.

धर्मा: धरला ना पन?

आश्लेषा: तुम्ही का लपवलंत?

धर्मा: खरं सांगू? तुमच्यासाठी न्हाय. तुमी गेलात की जो येनार, तो मला रात्रीच्या गस्तीवर टाकनार. तुमी माझी कंबर सांभालता.

आश्लेषा: म्हणजे कंबर वाचवायला तुम्ही मनगट दिलंत.

धर्मा: हिशेब चुकला खरा. आता हा पुढचा प्रश्न. 'झोप पुरेशी लागते काय?'

आश्लेषा: लागते.

धर्मा: मॅडम, तुमच्या क्वार्टरची दोरी माझ्या खिडकीसमोर हाय. रोज सकाली धुतलेली वर्दी असते तिच्यावर. एकच असते. तीच.

आश्लेषा: किनाऱ्यावर वाळू लागते कपड्यांना.

धर्मा: बरं.

आश्लेषा: बरं म्हणू नका. शिबिरात तसं शिकवलं नसेल.

धर्मा: न्हाय. गप बसायला शिकवलंय. ते जमत न्हाय, म्हनून बरं बोललो.

आश्लेषा: नाताळच्या गर्दीत ती तिघं बुडाली ना. त्यातल्या मुलीचे केस माझ्या वर्दीच्या बटणात अडकले होते.

धर्मा: मी सोडवले.

आश्लेषा: तुम्ही सोडवलेत. वर्दी मी त्याच दिवशी धुतली. स्वच्छ निघाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा धुतली, तेव्हाही स्वच्छच होती. तेव्हापासून हा प्रयोग चाललाय, आणि निकाल दरवेळी तोच येतो. प्रयोगशाळेत कुणा विद्यार्थ्याने असं केलं असतं तर मी त्याला बाहेर काढलं असतं.

धर्मा: मला अजून शहालं प्यायला नको वाटतं. ते दोघं पोरगे शहाली घेऊनच पान्यात गेलेले. तुमाला म्हनून सांगतो. बाकीच्यांना सांगतो, डायबेटीस हाय.

आश्लेषा: आणि सगुणाबाईला पैसे देता ते?

धर्मा: घेतो आनी आपल्या शिपाई शिवदासला देतो.

आश्लेषा: किनाऱ्यावरच्या ठाण्यात बसून मी सूत्र बनवलं, धर्मादादा. उशिरा येण्यालासुद्धा वजन दिलं. समुद्रातून माणसं बाहेर काढायचा रकाना घातला नाही. विसरले असं नाही. मला त्याचं काही होत नाही, असं मी धरूनच चालले होते. मग इतरांनाही होत नसणार. इतकं सरळ गणित.

धर्मा: घाला की आता.

आश्लेषा: घालीन. आधी... अलिबागच्या त्या मानसोपचाराच्या डॉक्टर क्षिप्रा. योजनेत त्यांना मी आणलं. शिवदासला तर हाताला धरून गाडीत बसवलं होतं त्यांच्याकडे जायला. वर सगळ्यांसमोर भाषण दिलं, ताप आला की जातोच ना, मग यात लाज कसली?

धर्मा: चांगलं होतं भाषन. दोघंतिघं रडले.

आश्लेषा: मीही मनातल्या मनात स्वतःला शाबासकी दिली. स्वतः मात्र दोन महिने आईला सांगतेय, येईन घरी, वाडीत पडून राहीन, एवढा सीझन संपू दे. आणि क्षिप्राबाई भेटल्या की विचारते, आमच्या शिवदासची प्रगती कशी आहे?

धर्मा: एक बोलू? रागावू नका. रागावलात तरी आता माझ्याकडं कागद हाय.

आश्लेषा: बोला.

धर्मा: आज तुमच्यावर मोठे साहेब हायत. ते आत बसलेले असले की तुमचा आवाज आपोआप खाली येतो. उद्या तुमच्यावर कोन? कोठडीची चावी तुमच्याच कमरेला. भिकूचा पगार झाला की तो परत येनार, परत दात काढनार. आनी माझ्याकडं एकच हात शिल्लक हाय, मॅडम. मी लिहितो. डाव्या हातानं, वाकडंतिकडं. 'काळजीचे कारण नाही' बोललात तर तेच लिहीन. तुमी माझ्या साहेब हायत, तुमचा हुकूम मोडायची मला सवय न्हाय. फक्त एकदा माझ्याकडं बघून बोला.

आश्लेषा: कुठे शिकलात हे?

धर्मा: जनीकडं. मी कुठं होतो ते ती असंच विचारते.

आश्लेषा: बाबांना काय सांगू?

धर्मा: ते मला काय म्हाईत? मी अर्धंच शिबीर ऐकलंय.

आश्लेषा: तो फोन इकडे सरकवा. नाही, तुम्ही उठू नका. बसा इथेच.

(ती अलिबागच्या अधीक्षक कार्यालयाचा नंबर फिरवते. पलीकडून फोन उचलला जातो.)

आश्लेषा: जय हिंद, सर. उपनिरीक्षक आश्लेषा बोलतेय. हो सर, त्या शेऱ्याबद्दलच. नाही, हवालदारांनी अजून काही लिहिलेलं नाही. माझं मीच सांगतेय. सर, उद्या ठाण्याचा चार्ज मला देऊ नका.