हजेरीत आप्पांचं नाव

आम्ही मूळचे निमोण्याचे, मेंढरंवाले. आता भावाची पोरं कांदा लावत्यात, पण माझ्या लहानपणी बाप मेंढरं घेऊन भीमेच्या काठाकाठानं पार दौंडाकडं जायचा आन् मी त्याच्या मागं मागं. काय सांगू तुला सूनबाई, मी लई भित्रा. कुत्र्याला भ्यायचो, पाण्याला भ्यायचो, बापाला तर सगळ्यात जास्त. एकदा माझ्या हातून कोकरू नदीत वाहून गेलं, बापानं काठी उगारली, आन् मला काय सुचलं कुणास ठाऊक, मी आमच्या म्हाताऱ्या एडक्यावाणी मान वाकडी करून शिंकलो. बापाची काठी वरच राहिली, हसत हसत तो खालीच बसला. तवा मला कळलं, हसणारा माणूस मारत न्हाई. तेवढ्या एका गोष्टीवर मी सगळा जन्म काढला बघ.

पुढं एका जत्रेत तमाशाच्या फडाच्या मालकीणबाईंनी माझ्या नकला बघितल्या, म्हणल्या, येतो का. गेलो. आधी पेट्या उचलल्या, मग लुगडं नेसून गवळणीतली मावशी झालो, मग सोंगाड्या. लोकं म्हणायची, ह्या गड्याला भीती ठाऊकच न्हाई, कुणालाबी तोंडावर बोलतो. आन् मी कनातीमागं कापत उभा. आज कुणी हसलंच न्हाई तर, आज तोंडातून शब्दच निघाला न्हाई तर, रोज तेच. ढोलकीवाला विचारायचा, गड्या, एंट्री घेतोस का परसाकडचा डबा देऊ? तरी जायचो. पहिला हशा आला की मग सुटायचो. दुसऱ्या दिवशी परत पहिल्यापासून.

आमच्यात हजेरी असती. जत्रेत रात्री तमाशा झाला की दुसऱ्या दिवशी उन्हात, कुस्त्यांच्या आधी जो खेळ करायचा ती हजेरी. त्यात सोंगाड्यानं गावातल्या मोठ्या माणसांची नावं घेऊन टिंगल करायची. त्यासाठी मी न्हाव्याच्या दुकानात बसून गावाची खबर काढायचो. आन् ज्याची टिंगल झाली त्यानं उठून, घरनं आणून मांडीवर ठेवलेला फेटा माझ्या डोक्याला बांधायचा. फेटा बांधला म्हंजी विषय मिटला, मनात काही ठेवायचं न्हाई. ज्याचं नाव राहून जाई तो मात्र रुसायचा, मला काय गावात धरीत न्हाईत का म्हणायचा.

गेल्या सालची गोष्ट. भीमेकाठचंच एक गाव, नाव घेत न्हाई. तिथले पुढारी, आपण आप्पा म्हणू. त्यांना रोज लग्नाला जायचं आन् दहाव्याला जायचं, दोन्हीकडं भाषण. मी हजेरीत तेच केलं. घसा खाकरला, चष्मा वर सारला, लग्नात हात जोडून नवरा-नवरीला भावपूर्ण श्रद्धांजली वाहिली, आन् तिथून दहाव्याला जाऊन म्हणलं, दोन्ही कुटुंबांना शुभेच्छा, पंगत झाल्याशिवाय कुणी जाऊ नका. बायाबापड्या हसून हसून डोळं पुसायला लागल्या. आप्पा उठले, त्यांनी स्वतःच्या हातानं मला फेटा बांधला. झालं, मिटलं.

पण कुण्या पोरानं मोबाईलवर ते काढलं. टिंगल तेवढी ठेवली, फेटा कापून टाकला. ते रांजणगावात कंपनीच्या बसमध्ये पोरं बघायला लागली. आप्पा खरोखरच्या लग्नात भाषणाला उभे राहिले, नुसता घसा खाकरला, तर मांडवातनं कुणीतरी ओरडलं, भावपूर्ण. सगळा मांडव हसला. तिथं फेटा बांधायला कोण होतं?

तू माहेरी होतीस तवा आप्पा इथं आले, म्हणून तुला सांगतो. अंगणात जीप थांबली, आप्पा आन् त्यांची दोन पोरं. मी चहा ठेवायला उठलो तर आप्पा म्हणले, बस, चहा नको, ते परत करून दाखव. ना ढोलकी, ना तोंडाला रंग, भर दुपारी ज्याची नक्कल त्याच्याच म्होरं. पण मी केलं. आन् आप्पा हसले. पोट धरून हसले, खिशातला रुमाल काढून डोळं पुसलं. मी म्हणलं, सुटलो.

मग रुमालाची घडी घालता घालता, तोंडावर अजून हसू तसंच, आप्पा म्हणले, लई ब्येस. यंदा हजेरीला आलास तर आपल्या पायानं घरी जाणार न्हाईस.

आन् गेले. मी अंगणात बसून राहिलो. सगळा जन्म ज्या एका गोष्टीवर काढला ती खोटी निघाली ग बाई. हसणारा माणूसबी मारतो. तवापासून जीपचा आवाज आला की मी आत जातो. तुला वाटायचं उन्हाचा त्रास व्हतोय.

तुझा नवरा म्हणतो, आबा, आता पुरे, घरात बसा. मालकीणबाईंचा फोन आला, त्यांना मी न्हाई म्हणून सांगितलं. मग परवा आप्पांचा माणूस आला. इकडं तिकडं बघत हळूच म्हणला, आप्पा विचारत्यात, यंदा येणार का, आन् आलात तर नाव घेणार का न्हाई? मी म्हणलं, बाबा, त्यांच्या मनात काय हाय, घेऊ का नको? तो डोकं खाजवत म्हणला, ते काय बोलले न्हाईत. नुसतं विचार म्हणले.

आता ह्याला काय करावं? नाव घेतलं तर पाय जातो. न्हाई घेतलं तर भर गावात त्यांना मोजलंच न्हाई असं व्हतं, आन् तो राग तर त्याहून वाईट. घरी बसलो तरी नाव राहिलंच. रात्रभर विचार केला. मग मालकीणबाईंना परत फोन केला, म्हणलं, येतो.

उद्या हजेरी हाय. तुझा नवराच फर्स्ट शिफ्ट बुडवून गाडीवर घेऊन जाणार हाय, मंडपामागं गाडी चालूच ठेवतो म्हणतो. आप्पांना औक्ष लाभो, त्यांच्या पोरांना बुद्धी लाभो, तुझी लेकरं सुखात राहोत. मी कनातीमागं उभा राहीन, कापीन, ढोलकी वाजली की बाहेर येईन, आन् आधी बघीन आप्पा म्होरं बसल्यात का. बसले असले तर त्यांच्या मांडीवर फेटा हाय का न्हाई, तेवढं बघीन.