अख्ख्या गावाचे अंगठे

चोपड्याच्या एस.टी.त बसलेल्या मंजूला पुढच्या सीटवरचं बोलणं इच्छा नसतानाही ऐकू येत होतं. तिथे गुंताबाई आणि तिचा धाकटा भाऊ कुवरसिंग बसले होते. भावाच्या मांडीवर निळ्या शाईतल्या अंगठ्यांच्या ठशांनी भरलेला कागद होता.

“अक्का, तुले येडासना दवाखानामा कोंडा म्हनीसन बठ्ठा गावनी अंगठा लाया व्हता. वर सरपंचनी सही! अन् डॉक्टरनी कागद बाजूले ठी दिधा.”

“मंग माले इचारं.”

“तुलेच! तेबी दोन डॉक्टर, दोन्हीसनी येगयेगळं.”

“जीव देवाले गयती का? नही. कोनले मारं का? नही. खावानं-न्हावानं कोन दखस? म्हनं, मीच. मना भाऊना सैपाकबी मीच करस.”

“मेलेल्या लेकासंगे बोलस, हाई सांगं का?”

“सांगं. डॉक्टर म्हने, तेवढावरतून जबरदस्तीनं ठेवता येत नही, कायदा शे. गोळ्या लेशी का? लेसू म्हनं. आठे ऱ्हाशी का? नही म्हनं.”

“अन् त्यासनी ऐकं! एकशेचाळीस अंगठा शेतस आठे, अक्का. तुनं एकलीनं ‘नही’ भारी पडनं... अन् मोठा डॉक्टर म्हने, इले घर लई जा.”

गुंताबाईने कागदावर बोट ठेवलं. “हाऊ सगळास्ना वरला अंगठा कोना शे?”

“...मना. मीच पहिला लाया व्हता.”

कुवरसिंगने कागदाची घडी घातली. मग कंडक्टर आला.

“बोला, कुठलं तिकीट?”

कुवरसिंगने सवयीने तोंड उघडलं, मिटलं आणि तो बहिणीकडे वळला.

“अक्का, कोठे जावानं?”