भिंतीत मुरलेला आवाज

बिरप्पा, ती खरवडायची पट्टी जरा खाली ठेवता का? रंग चांगलाच आणलाय तुम्ही — बाकीच्या तीन भिंती खरवडा की, ह्या एकीला तेवढा हात लावू नका. ओल नाही हो, आवाज आहे तिच्यात. हसू नका, मी नाही, शास्त्रज्ञ म्हणतात. अपेक्षानं, माझ्या लेकीनं, मोबाइलवर लावून दिलंय — मराठीत प्रश्न लिहायचा, खरा शास्त्रज्ञ उत्तर देतो, महिन्याला तीन. माझा पहिला तर 'जेवलात का' ह्यातच गेला. मग काय, अनोळखी माणसाला एकदम विज्ञान कसं विचारायचं? 'होय, पोहे खाल्ले' असं आलं, आणि खाली — उत्तर समाधानकारक वाटलं का? वाटलं की.

दुसरा विचारला, बोललेलं जातं कुठं. तर म्हणाले, भिंतीत शिरतं, त्याची ऊब होते, अगदी किंचित. आता आमचे हे तीस वर्षं यंत्रमागावर — त्या खडखडाटात ओरडूनच बोलायचं, तीच सवय घरात. मीठ मागितलं की शेजारची मल्लव्वा मीठ घेऊन यायची. आणि बसायचे हितंच, ह्या भिंतीकडं तोंड करून. किंचित किंचित करून किती झालं असेल? मी रोज दुपारी पाठ लावून बसते, ऊब लागते — पलीकडं मल्लव्वाचा तवा आहे, ठाऊक आहे मला. तव्याची वेगळी, ही वेगळी.

तिसरा विचारला, रंग दिला तर ऊब जाईल का. म्हणाले, ती तेव्हाच गेली, काळजी करू नका. पण ते कधी आलेत हितं पाठ लावून बघायला? आणि उलट त्यांनीच विचारलं — कुणाचा आवाज हवाय तुम्हाला? शास्त्रज्ञानं प्रश्न विचारावा का, सांगा. उत्तर लिहायला चालतं म्हणे, ते तीनात धरत नाहीत. पण लिहिलं नाही मी. काय लिहू? त्या दिवशी मीच म्हटलं, अहो, जरा गप्प बसा की, पोरीचा अभ्यास चाललाय — आणि बसले हो. जन्मात कधी न ऐकणारा माणूस. मला लई बरं वाटलं, सगळ्या भाकरी थापून होईपर्यंत बरं वाटत होतं. मग ताट वाढून हाक मारली, तर —

रविवारी अपेक्षाला बघायला येणार आहेत. भिंतीचं विचारलं तर सांगीन काहीतरी. जा तुम्ही आता. चहा उद्या घ्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बिरप्पा आला आणि तीनच भिंती रंगवून गेला.