जावयाच्या टँकरला पाणी नको

...न्हाई, पण पाण्याला नको कसं म्हणायचं, तुमीच सांगा. भर मे महिना, सासुरवाडीचं अंगण, सासू पुढ्यात कळशी घेऊन उभी, आणि जावयानं म्हणायचं, पाणी नको? तुम्हाला सांगतो, ही गोष्ट शब्द न् शब्द खरी हाय, माझ्या ह्या दोन डोळ्यांनी बघितलेली, डोळ्यांची आण... म्हणजे बघितली प्रेमदासनं, म्या त्या दिवशी सेनगावजवळच्या गोरेगावला होतो, पण त्यानं इतक्यांदा सांगितली की बघितल्यातच जमा, आणि जिथं त्याला आठवत न्हाई तिथं मला बराबर आठवते. तेव्हा खरीच धरा.

तर प्रेमदास राठोड, राहायला वसमतला, टँकरवर डायव्हर. टँकर म्हणलं की तुमच्या डोळ्यांपुढं पाण्याचा आला ना? हितंच सगळे फसतात. आपल्याकडं उन्हाळ्यात टँकर दिसला की बाया हंडे घेऊन पळतात. याचा टँकर चकचकीत स्टीलचा, अंगावर लाल पाट्या, पाट्यांवर जाळाचं चित्र, आणि पोटात ट्रायक्लोरोसिलेन. नाव घेतानाच जिभेला घाम फुटते. दिसायला पाण्यासारखंच नितळ, पण पाण्याचं आणि त्याचं हाडवैर. हैदराबादेच्या कंपनीनं प्रेमदासला ट्रेनिंगला बसवलं होतं, तिथले साहेब लई हळू बोलायचे, आजारी माणसाच्या उशाशी बसून बोलावं तसं. "देखो प्रेमदासजी, ये माल बहुत नाजूक है. पानी लगा तो धुआँ. धुएँ में तेजाब. नाक, आँख, सीना, सब जलेगा. चिंगारी लगी तो आग. और उस आग पे किसी ने पानी मारा..." एवढं बोलून साहेब खडू खाली ठेवायचे आणि खिडकीबाहेर बघत राहायचे. पुढं बोलायचेच न्हाईत. त्या गप्प बसण्याची प्रेमदासनं जी धास्ती घेतली म्हणता...

आता बघा, माणसाच्या अंगात असते तेवढी गरमीबी याला सहन होत न्हाई, उकळाय लागते. पाण्याशी जमत न्हाई, ठिणगीशी जमत न्हाई, दमट हवेशी जमत न्हाई. मग जमते कोणाशी? तर कोरड्या नायट्रोजनशी, जो कोणाशी बोलतच न्हाई. टाकीत वरच्या रिकाम्या जागेत तो भरून ठेवतात, दोघं गुमान बसतात.

ट्रेनिंगहून आला तो प्रेमदास येगळाच. घरात बायको, रुपा, भांडी घासून राहिली की हा ओट्याजवळ उभा, "पाणी उडवू नको." चूल पेटली की, "वारा कुठून हाय आधी बघ." पाहुणा आला तर त्याला वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसवायचा. रुपा म्हणायची, "आवं, मी रस्सा करून राहिले, सिलेन न्हाई." तेवढ्यावर भागलं असतं, पण दिवाळीला ऐन वेळी लोड आला, हा गेला. होळीला तांड्यात येतो म्हणला, होळी म्हणजे तांड्याचा जीव, सगळे जावई नाचून राहिले, आणि हा त्या वेळी कुठंतरी घाटात टँकरच्या चाकाला लाकडी अडणी लावून बसलेला. घरी आला तशी रुपानं इचारलं, "त्या टँकरला काय सोसते, काय सोसत न्हाई, सगळं तुमाला पाठ हाय. माझं एक सांगा." प्रेमदासनं लई इचार केला आणि म्हणला, "तुला गरमी सहन होत न्हाई."

ते टँकरचं होतं. रुपानं पिशवी भरली आणि माहेर गाठलं.

माहेर म्हणजे वारंगा फाट्याच्या पुढं माळावरचा तांडा. सासरा वसराम, तांड्याचा नायक, दिवसभर बाजेवर आणि तोंडात विडी. सासू जमनाबाई. दोन हजार तीनचा मे असंल, प्रेमदास लोड घेऊन नांदेडच्या अलीकडं धाब्यावर थांबलेला, तिथं तांड्यातला एक माणूस भेटला. "जावई, रुपा उद्या मावशीसंग पुण्याला चालली, कपडे शिवायच्या कारखान्यात. न्यायची असंल तर आज, न्हाईतर मग तिकडंच पत्ता इचारत फिरा." झालं. आता रस्ता तांड्यावरूनच जातो, पण नियम असा की वस्तीपाशी थांबायचं न्हाई. आयुष्यात पहिल्यांदा प्रेमदासनं नियम मोडला, आणि तोबी कसा मोडला? झोपड्यांपासून दूर, उघड्या माळावर टँकर लावला, अडणी घातल्या, वारा बघितला, बॅटरीचं बटण बंद केलं, जोडीचा डायव्हर रतनसिंग, त्याला म्हणला, "दादा, गाडीजवळ कोणाला येऊ देऊ नको." रतनसिंग व्हय म्हणला आणि झोपला.

तांड्याची रीत अशी. हे लोक पूर्वी बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूखभर हिंडायचे, तेव्हापासून लांबून आलेल्याच्या बैलाचे पाय आधी धुवायचे आणि मग माणसाचे. बैल गेले, जीप आली, जीपचे पाय धुतात. मागं एक जावई सायकलवर आला, त्याची दोन्ही चाकं धुतली. गाडीला पाणी दिल्याबिगर माणसाला पाणी न्हाई, आणि माणसानं पाणी घेतल्याबिगर लेक पाठवायची न्हाई. आणि ते पाणीबी कोणतं? दिवसाआड येणाऱ्या टँकरचं, घराघरातून तांब्या-तांब्या जमा केलेलं. तेव्हा पाण्याला नको कसं म्हणायचं, सांगा ना.

"मामी," प्रेमदास म्हणला, "माझ्या पायावर घाला, डोक्यावर घाला. गाडीला नको."

"काहून? गाडी लई मोठ्या घरची हाय का?"

"तिला पाणी चालत न्हाई."

"तुमच्या आज्याच्या बैलाला चाललं. पोलीस पाटलाच्या फटफटीला चाललं. आणि तुमच्या गाडीला आमच्या तांड्याचं पाणी चालत न्हाई?"

"तसं न्हाई मामी, धूर निघते. धुरात तेजाब."

जमनाबाईनं वसरामकडं बघितलं. वसराम विडीचा धूर सोडत म्हणला, "पाण्यातून धूर. जावयाला ऊन लागलं. चहा ठेव."

चहा आला. प्रेमदास बशी घेऊन उंबऱ्यापाशी बसला, आत रुपा पाठ करून बसलेली. हा म्हणला, "रुपा, चल." ती म्हणली, "नायट्रोजनला घेऊन जा." हा पुढचं काय बोलावं ते जुळवून राहिला, तेवढ्यात माळावरून गाणं ऐकू आलं. बायांचं. पाय धुताना म्हणतात ते. प्रेमदासच्या हातातली बशी तिथंच पडली.

पळत गेला तर काय, जमनाबाई पुढं, मागं सगळ्या बाया, पुढची चाकं धुऊन झालेली, आणि म्हातारी मागच्या चाकावर कळशी उंच धरून, प्रेमानं, धार धरून ओतून राहिली. अशा उंचावरून की शिंतोडे उडावेत. आणि टँकरच्या ढुंगणाशी माल काढायचा नळ असतो, त्याच्या टोपणाशी कुठंतरी थेंबभर माल पाझरलेला. दोघांची गाठ पडली. फस्स करून पांढरा धूर, दुधासारखा दाट. जमनाबाई ठसकली, नाकाला पदर लावला, डोळ्यांतून पाण्याच्या धारा, आणि पुढच्या बाया वरडल्या, "जावयाची गाडी पेटली."

आता हितं म्या जरा थांबतो. कारण पुढं काय झालं ठावं हाय? अख्खा तांडा पळत सुटला. ज्याच्या घरात जे पाणी होतं ते घेऊन. पिण्याचं. परवापर्यंत पुरवायचं. कोणी हंडा, कोणी चरवी, कोणी लेकराच्या तोंडचा तांब्या काढून आणला. कोणी इचारलं न्हाई की आपण काय पिणार. आपल्या जावयाची गाडी, बस्स. आणि तो जावई गाडीपुढं हात पसरून उभा, "पाणी नको, पाया पडतो, पाणी नको." एवढ्या मायेनं आणलेल्या पाण्याला नको कसं म्हणायचं? आणि म्हणलं तरी ऐकते कोण? "व्हा बाजूला जावई," जमनाबाई खोकत खोकत, "आमच्या लेकीचा संसार जळून राहिला."

तेवढ्यात मागून आवाज आला. चढा न्हाई, पण असा की माणसं जागच्या जागी थांबली.

"याडी, कळशी खाली ठेव."

रुपा. तांड्यात आईला याडी म्हणतात. पदर कमरेला खोचलेला.

"पाण्याचं भांडं कोणी पुढं आणायचं न्हाई. वारा तांड्याकडून हाय, सगळे तिकडं वर चढा. ओढ्यात उतरू नका, हा धूर जड असतो, खोलात बसतो. चुलीवर माती टाका, पाणी न्हाई, माती. रतनसिंगदादा, उठा, फाट्यावरून कंपनीला फोन लावा. गाडी चालू करू नका, पायी पळा. बा..." वसरामकडं बघितलं, "विडी."

वसरामनं उभ्या आयुष्यात कोणासाठी विडी टाकली नव्हती. गुमान मातीत चुरडली.

चढावर सगळे बसले. प्रेमदास तोंड उघडं टाकून बायकोकडं बघून राहिला. "तुला हे कसं ठावं?"

"रोज झोपेत तुमी हेच बोलता," रुपा म्हणली. "दुसऱ्यांचे नवरे झोपेत बायांची नावं घेतात. माझा नवरा वाऱ्याची दिशा सांगते."

पण हसली हो. होळीनंतर पहिल्यांदा.

दिवस कलता कलता कंपनीची माणसं आली, रबरी कपडे, तोंडाला मुखवटे, त्यांनी नळाचं वायसर बदललं, टोपण आवळलं, खाली कोरडी वाळू टाकली. साहेब तेच, हळू बोलणारे. मुखवटा वर करून म्हणले, "यहाँ पानी किसने डाला?" बायांनी कळशा पदराआड धरल्या. प्रेमदासची नोकरी आता जाते का मग. शेवटी वसराम खाकरला, "पाणी? साहेब, प्यायला न्हाई आमच्याकडं."

साहेबांनी ओल्या चाकांकडं बघितलं, वसरामकडं बघितलं, खिडकी नव्हती म्हणून आभाळाकडं बघितलं.

पण जमनाबाई अडली. "अर्ध्या चाकांना पाणी लागलं, अर्धी कोरडी. मग लेक काय अर्धी पाठवू?" आणि सरळ साहेबांपुढं जाऊन उभी. "गाडीला कोरडं चालते ना? मग हळद चालते का?" साहेबांनी एवढ्या वर्षांत पुष्कळ प्रश्नांची उत्तरं दिली असतील, पण हा कोणी इचारला नव्हता. "हल्दी... पहियों पे... सूखी... चलेगी." वसमतच्या बाजारातली हळद, चिमूट चिमूट, उरलेल्या चाकांना. जमनाबाई म्हणली, "जा आता."

रुपा पिशवी घेऊन टँकरपाशी गेली, तर प्रेमदासचं तोंड पडलेलं. आता हिला कसं सांगावं की असल्या गाडीत बाई बसवता येत न्हाई? "ठावं हाय," तीच म्हणली. "मी एसटीनं जाते." म्हणजे बघा, एवढा जिवाचा आटापिटा करून बायको परत मिळवली, आणि फाट्यावरून ती गेली वसमतला आणि हा गेला हिंगोलीकडं.

आता तुमी म्हणाल, यात खोटं काय? सुरुवातीलाच डोळ्यांची आण घेतली, तेव्हा सांगायलाच पायजे. धूर खरा, हळद खरी, वसरामची विडीबी खरी. खोटं एवढंच की प्रेमदास झोपेत बोलतो. दगडासारखा झोपते तो. खरं म्हणजे ट्रेनिंगची परीक्षा त्याला पास होईना, पहिल्या वेळी नापास झाला, मग रुपानं महिनाभर रोज भाकरी थापता थापता त्याच्याकडून सगळं घोकून घेतलं, म्हणून तर तिला पाठ. आणि तेच नियम हा तिलाच शिकवायला लागला, म्हणून तर ती चिडली. पण प्रेमदास मला म्हणला, "भाऊ, बाकी काहीबी वाढव, पण ते पाठांतराचं नको सांगू. झोपेचं सांग. न्हाईतर लोक म्हणतील टँकर बायकोच चालवते." म्हणून म्या फाट्यापासून सेनगावपर्यंत झोपेचंच सांगत फिरलो. लई खुशीत होतो, म्हणलं एक तरी गोष्ट आपण बेमालूम दडवली.

परवा बाजारात रुपा भेटली. म्हणली, "भाऊजी, तुमी ते झोपेचं बराबर सांगून राहिले ना सगळ्यांना? मीच सुचवलं होतं आमच्या ह्यांना."