कोपर

दवाखान्यातल्या बाकावर बसलेल्या, शिवणकामावर घर चालवणाऱ्या मावशींच्या शेजारी एक सुतार आणि त्याची बायको येऊन टेकले. मावशींचे डोळे हातातल्या फाइलीवर होते, कान मात्र शेजारी.

“डॉक्टरांना नीट सांग. काल चहात मीठ घातलंस.”

“घातलं असेल.”

“परवा गॅस चालू ठेवून बाहेर पडलीस. बीपी वाढलंय ते वेगळंच. झोपत का नाहीस तू?”

“मी झोपले तर तुम्हाला कोण ढोसणार?”

“हेच ते खूळ! मी छान डाराडूर झोपलेलो असतो आणि तू बरगडीत कोपर मारतेस.”

“तुम्ही घोरता घोरता एकदम गप्प होता. मग सगळं घर पाण्याखाली गेल्यासारखं वाटतं. मी आकडे मोजत पडते.”

“किती मोजतेस?”

“वीसपर्यंत. पुढचे आकडे मला नको वाटतात.”

“मला काही होत नाही गं. पेशंट तू आहेस.”

“हो ना. नंबर माझाच लावलाय.”

“बरं, टेक डोकं. नंबर आला की उठवतो.”

पंखा संथ फिरत होता. त्याच्या खांद्यावर तिचा डोळा लागला. जरा वेळाने त्याचीही मान भिंतीला टेकली आणि तो घोरू लागला. त्या लयीत मावशींनाही गुंगी आली.

घोरणं एकाएकी थांबलं.

मावशी मोजू लागल्या. अकरापर्यंत कशाबशा पोचल्या आणि त्यांनी त्याच्या बरगडीत कोपर मारलं.

“आं? हिचा नंबर आला?”

“नाही अजून. झोपू दे तिला. मी आहे जागी.”