मे महिन्यातलं चमचाभर पाणी

ताई, माहं शुद्धलेखन चुकते आणि अक्षरही वाकडंतिकडं आहे, राग मानू नका. चौथीपर्यंतच शिकली मी. तुम्ही अंगणवाडीत आम्हा बायांले विचारून राहिल्या होत्या, लेकराले पहिल्या दिवसांत कसं पाजलं, कोणी मदत केली का, तेव्हा सगळ्या बोलल्या, माह्या तोंडून शब्द निघाला नाही. म्हणून घरी बसून लिहून राहिली. तुम्ही नीट करून घ्या.

मी नरखेड तालुक्यातली. बाबा दुसऱ्याच्या संत्र्याच्या बागेत कामाले, शाळा सुटली तशी मीही त्यांच्या मागं. लग्न होऊन नागपूरच्या नंदनवन वस्तीत आली. नवरा लकडगंजात लाकडं चढवते-उतरवते, घरात सासू. माय आधीच गेली होती, म्हणून बाळंतपण सासरीच झालं. पोरगा झाला मे महिन्यात, आणि नागपूरचा मे म्हणजे काय सांगू तुम्हाले, भिंतीले हात लावला तरी चटका बसते.

दवाखान्यातल्या नर्सबाई म्हणाल्या होत्या, अंगावरचंच पाज, दुसरं काही नको. घरी आल्यावर सासू म्हणे, तिच्या घरी एसी असंल, इथं टिनाखाली लेकराचा घसा सुकून राहिला, पाणी पाज वं. शेजारच्या काकूही म्हणे, पाज. मग उकळून गार केलेलं पाणी, चमच्यानं, घडीघडी. पोरगा रडे नाही. सगळे म्हणत, किती गुणाचं लेकरू. मले त्या गुणाचीच भीती वाटे. छातीशी धरला की जरासं ओढून झोपून जाय. माहं दूध आटत चाललं. काकू म्हणे, हिच्या अंगावर दूधच नाही, वाळली काडी आहे नुसती. मग नवऱ्यानं मेडिकलातून पावडरचा डबा उधार आणला, आणि लवकर संपू नये म्हणून आम्ही ते दूध पातळ करायचो.

एक दिवस सासूनं नेहमीसारखं टाळूवर तेल घातलं, तर ते ओघळलंच नाही. टाळू खोल गेली होती, तेल तिथं वाटीत ठेवल्यासारखं थांबलं. सासूनं माह्याकडं पाहिलं, मी तिच्याकडं. अजून नावही ठेवलं नव्हतं त्याचं.

मी पळत जाऊन वस्तीतल्या आशाताईले आणलं. तिनं टाळू पाहिली आणि सरळ आम्हाले ऑटोत बसवलं. दवाखान्यात सलाईन लागली. डॉक्टर म्हणाले, लेकरू उपाशी राहून सुकलं आहे, पोट पाण्यानं भरलं तर दूध काहून ओढंल तो, आणि तो ओढत नाही तर तुमचं दूध बनंल कसं. घरी आल्यावर आशाताई रोज येऊन बसे, लेकरू कसं धरायचं ते दाखवे. पाणी तू पी, म्हणे, त्याले नको. लंगोट ओला होत राहिला म्हणजे समज, त्याले दूध पुरून राहिलं. डब्याचं दूध मापानं बनव, मग हळूहळू सोडू.

पण ताई, खरी भीती तर तेव्हा सुरू झाली. बाहेर गरम हवेची लू चालू आणि मी पोटच्या पोराले पाण्याचा थेंब देत नव्हती. सासू म्हणे, काही झालं तर तुह्या डोक्यावर. तो रडे, मी पाजे, पुन्हा रडे, पुन्हा पाजे, लंगोट चाचपून पाहे, कोरडा लागला की पुन्हा छातीशी लावे. अशाच एका दुपारी सासू वाटी-चमचा घेऊन आली. मी कधी तिच्यासमोर मान वर केली नव्हती. पोराले पदराखाली घेतलं आणि म्हटलं, नाही आई.

ती खालीच बसली. म्हणे, माहा पहिला उन्हाळ्यातच गेला वं, पाणी पाणी करत. चालता-बोलता होता. अजून त्याचं तोंड दिसते मले.

मी तिचा हात धरला आणि लंगोटावर ठेवला. ओला होता. तिनं वाटीतलं पाणी मलेच पाजलं.

पोरगा भरत गेला. आता वरण-भात खाते. तरी जास्त वेळ झोपला की मी त्याले हलवून पाहते, ती भीती काही गेली नाही. डब्यांची उधारी नवरा मजुरीतून थोडी थोडी देत होता. मागच्या आठवड्यात उरलेले पैसे घेऊन मी आणि सासू गेलो. दुकानदार म्हणे, अजून एक डबा काढू का. मी बोलायच्या आधी सासू म्हणे, नको गा, आता हा आमच्या ताटातलं खाते. त्यानं पैसे गल्ल्यात टाकले. म्हणे, झालं, तुमच्याकडं आता काही बाकी नाही.